पुढचा डोळा

खिडकीपाशी खुर्ची एकच होती आणि खिडकीचे तोंड उत्तरेला होते. त्या खोलीत ऊन कधी येत नसे; येत असे तो नुसता उजेड, सकाळपासून संध्याकाळपर्यंत जवळजवळ सारखा आणि कोणाचीही बाजू न घेणारा. घर भाड्याने घेताना काकूंनी या खोलीला नाक मुरडले होते. इथे कपडे वाळणार नाहीत आणि थंडीत हातपाय आखडतील, असे त्यांचे म्हणणे. काकांनी मात्र उंबऱ्यातूनच खोली पाहिली आणि घरमालकाला होकार देऊन टाकला. उन्हात प्रत्येक रंग स्वतःविषयी थोडे खोटे बोलतो, हे त्यांना पाट्या रंगवण्याच्या दिवसांपासून ठाऊक होते.

त्या खुर्चीत बसणाऱ्याला बहुधा एकच डोळा असे. दुसरा यंत्राने, अपघाताने किंवा आजाराने नेलेला. काका त्याच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसत आणि उरलेल्या डोळ्याचे बुबुळ नखाएवढ्या काळ्या चकतीवर उतरवत. मग मेणाचा साचा, कवळ्यांना वापरतात तसला पांढरा मसाला, रक्तवाहिन्यांच्या जागी लाल रेशमाचे सुटे केलेले तंतू, आणि शेवटी तासन्‌तास पॉलिश. तयार झालेला डोळा ओलसर दिसेपर्यंत ते घासत राहत. गल्लीत त्यांना सगळे डोळेकाका म्हणत. त्यांचे खरे नाव पोस्टमनलाच काय ते माहीत असावे.

या कामाकडे ते वळले त्याचे मूळ त्यांच्या वडिलांच्या चेहऱ्यात होते. वडील लेथवर काम करत. धातूचा कीस उडून त्यांचा उजवा डोळा गेला तेव्हा काका शाळेत होते. दवाखान्यात वडिलांना एक काचेचा डोळा मिळाला, ट्रेमध्ये ओळीने मांडलेल्या तयार डोळ्यांतून त्यातल्या त्यात जवळचा म्हणून उचललेला. तो करडा होता आणि वडिलांचा स्वतःचा डोळा काळाभोर.  चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत वडील पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेले, आणि प्रभुभोजनाच्या वेळी पाळक भाकर घेऊन समोर आले की मान अशी वळवू लागले की करडा डोळा भिंतीकडे राहावा. देवाच्या घरातसुद्धा आपल्या बापाला तोंड चुकवावे लागते, हे त्या मुलाच्या मनात सलत राहिले. पुढे वडील वारले तेव्हा कोणीतरी त्यांच्या पापण्या मिटवल्या. करड्या डोळ्यावरची पापणी पुरती मिटेना.

काका मोठे होऊन दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. चेहऱ्यांवर त्यांचा हात बसलेला होता, डोळ्यांवर विशेष. साबणाच्या पाटीवरची त्यांची बाई नजरेने माणसाला गल्लीच्या टोकापर्यंत पोचवून येते, असे लोक गमतीने म्हणत. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना मात्र हे सगळे रिकामपणाचे उद्योग वाटत. "चित्रं काढून कुणाचं भलं झालंय रे? देवानं हात दिलेत ते सेवेसाठी," ते उपासना सुटल्यावर चारचौघांत सुनावत. काका उलट उत्तर देत नसत. हे हात नेमक्या कोणत्या सेवेसाठी दिले आहेत, हा प्रश्न त्यांनाही पडलेलाच होता. एकदा दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारागिराची पाटी रंगवताना त्यांची नजर हिरड्यांच्या गुलाबी मसाल्यावर गेली.

"हा पांढरा मिळतो का हो?"

"मिळतो की. पण पांढऱ्या हिरड्या कोण बसवून घेणार?"

"हिरड्या नाही, डोळा करायचाय."

कारागीर खो खो हसला. काका शिडीवरून उतरले ते त्याच्याकडे शिकायला बसण्यासाठीच.

पहिली काही वर्षे म्हणजे नुसती फजिती होती. डोळे पिवळे पडत, तडकत, त्यांत हवेचे बुडबुडे राहत. दिवसभर पाट्या आणि संध्याकाळी डोळे, असा क्रम. चूक सापडेपर्यंत तेच काम पुन्हा करायचे आणि ते करण्यापूर्वी डोळे मिटून दोन शब्द बोलायचे, एवढीच त्यांची साधना. दवाखान्यातल्या साहेबांनी त्यांना अनेकदा दारातूनच परत पाठवले. "अहो, पण या डोळ्याला काही दिसणार थोडंच आहे?" साहेबांनी एकदा वैतागून विचारले. "त्याला नाही दिसणार, साहेब," काका म्हणाले, "पण माणूस तोंड वर करून चालेल." त्या दिवशी साहेबांनी त्यांना आत बसू दिले.

पुढच्या चकतीची रीत सुरू झाली ती एका बाळापासून. गाठीमुळे त्याचा डोळा काढावा लागला होता. काका माप घ्यायला गेले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतले आणि हळू आवाजात सांगितले, "साधाच बसवा. फार मेहनत घेऊ नका. या मुलाचं काही खरं नाही." काका घरी आले आणि ताटावरून तसेच उठले. मूल वाढते तशी डोळ्याची खोबण वाढते, जुना डोळा लहान पडतो आणि मग मोठा करावा लागतो. नव्याचा साचा आधी करून ठेवता येत नाही. बुबुळाची चकती मात्र ठेवता येते. दुसऱ्या दिवशी बाळ खुर्चीत आईच्या मांडीवर बसले असताना काकांनी पहिली चकती रंगवली आणि लगेच दुसरी घेतली.

"दुसरी कशाला?" आईने विचारले.

"पुढच्यासाठी. वाढायचंय ना याला."

ते मूल वाढले. चकती उपयोगाला आली. तेव्हापासून एकाही लहान मुलाला काकांनी एका चकतीवर उठू दिले नाही. धंद्यातले लोक याला वेडेपणा म्हणत, कारण पुष्कळदा मुलाच्या डोळ्याचा रंग बदले आणि ठेवलेली चकती वाया जाई. काकांना त्याचे काही वाटत नसे. विश्वास म्हणजे उद्याचे काम आज करून ठेवणे, अशी त्यांची साधी समजूत होती आणि ती त्यांनी कधी कोणाला उपदेश म्हणून ऐकवली नाही. या चकत्या एका खणात, कापसावर, मांडलेल्या असत. रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी ते खण उघडत, प्रत्येक चकतीला बोट लावत आणि त्या त्या मुलासाठी मागणे मागत. कोणत्याही चकतीवर नाव नसे. पाहिले की त्यांना मूल ओळखू येई.

काकू यावरून त्यांना टोमणे मारत. "गावभरच्या पोरांचे डोळे पाठ आहेत यांना. बरं, माझ्या डोळ्यांचा रंग सांगा बघू. वळायचं नाही. तिकडे बघूनच सांगायचं."

काका अडकत. "तपकिरी."

"कसला तपकिरी? विटेसारखा की चहासारखा?"

"अगं, असं न बघता नाही सांगता येत. बघितलं की ओळखतो मी."

"वा! म्हणजे हरवले तर पोलिसांना काय सांगाल? आणून दाखवा, मग ओळखतो?"

हा विनोद त्या घरात इतका जुना झाला होता की पेशंटही त्यावर हसत.

मोहरी पहिल्यांदा आली तेव्हा नुकती नीट बोलू लागली होती. तिची आई एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीचे काम करी. वाफेने तिच्या हातांची कातडी कायम सुरकुतलेली असे. वडील मुलीचे दुखणे समजले त्या सुमारास घर सोडून गेले होते. मुलीचा उजवा डोळा गाठीसह काढला होता. डाव्या डोळ्यात, गडद तपकिरी रंगात खालच्या अंगाला, एक पिवळसर ठिपका होता, मोहरीच्या दाण्याच्या निम्म्याएवढा. आईच्या तो कधी लक्षात आला नव्हता. काकांनी दाखवला तेव्हा ती मुलीच्या चेहऱ्याशी चेहरा नेऊन कितीतरी वेळ पाहत राहिली. तिथून मुलीचे नाव मोहरी पडले.

असा ठिपका दोन्ही डोळ्यांत सारखा नसतो, त्यामुळे काकांनी नव्या डोळ्यात तो घातला नव्हता. मोहरीने आरशात पाहिले आणि ओठ काढला.

"काका, याचा ठिपका?"

"त्याला नसतो गं. तो तुझ्या एकाच डोळ्यात आहे."

"मग तो रडेल ना."

काकांनी डोळा पुन्हा केला, ठिपक्यासकट.

मोहरी वाढत गेली, शाळेत जाऊ लागली, आणि दर वेळी खणातली चकती तिच्या कामाला येत गेली. ती खुर्चीत बसली की काकांना बोलायची सोय नसे. तीच बोलत राही. डोळा झोपतो का, त्याला साबण झोंबतो का, काका मेले की डोळे कोण करणार. शेवटच्या प्रश्नावर काकू आतून ओरडत, "मी करेन, आणि सगळ्यांना निळे देईन!" मोहरी हसता हसता हलायची आणि काकांचा कुंचला चुकायचा. त्यांना मूलबाळ नव्हते. ही गोष्ट त्या खोलीत कधी उच्चारली गेली नाही आणि मोहरी असताना तिची आठवणही होत नसे.

मग गाठ डाव्या डोळ्यात दिसली. औषधे झाली, किरणांचे उपचार झाले, गाठ हटेना. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आईला समोर बसवून सांगितले की जीव वाचवायचा तर हाही डोळा काढावा लागेल, आणि तरी खात्री देता येणार नाही. आई तिथून उठली ती कामावरच्या कपड्यांत थेट काकांकडे आली.

"मी सही करणार नाही, काका. तिला दिसतंय अजून. आहे ते डोळ्यांनी बघून जाऊ दे. सगळा अंधार करून कशी जगवू मी तिला?"

काकांनी हातातला कुंचला खाली ठेवला. मग त्यांनी जे सांगितले ते त्यांनी आयुष्यभर मानले होते आणि त्या क्षणीही मनापासून मानत होते. "ताई, जीव राहू दे. ती अंधारात शिकेल, मुलं शिकतात. प्रभू तिला सोडणार नाही. आणि डोळे मी देईन, ती म्हातारी होईपर्यंत देईन. तुम्ही सही करा."

आईने त्यांच्याकडे पाहिले. "तुम्ही सांगताय म्हणून करते."

शस्त्रक्रियेच्या आधी मोहरीला खिडकीपाशी आणले. दोन्ही डोळे आता काकांनाच करायचे होते आणि समोर पाहून रंगवायची ही अखेरची संधी होती. डोळा सुजला होता, लालसर झाला होता. ठिपका मात्र जागच्या जागी होता. मोहरी त्या दिवशी फार बोलली नाही. काका तिच्याकडे पाहत होते आणि ती काकांकडे.

"तू काय बघतेस गं एवढं?"

"तुला. नंतर दिसणार नाहीस ना, म्हणून बघून ठेवते." थोड्या वेळाने ती म्हणाली, "काका, तुझ्या डोळ्यांत पाणी आलंय. रंग कसा दिसतोय तुला?"

"दिसतोय."

खणात ठेवलेली तिची चकती धरून पहिली जोडी पुरी झाली. पुढच्या जोडीसाठी काकांनी कोऱ्या चकत्या हातात घेतल्या. मोहरी दमली होती, तिची मान कलत होती. चकत्या काकांच्या तळहातावर राहिल्या. उद्या करू, असे ते म्हणाले नाहीत, कारण उद्या नव्हता हे त्यांना माहीत होते. त्यांनी चकत्या डब्यात परत ठेवल्या आणि मोहरीला उचलून आईकडे दिले. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिले.

शस्त्रक्रिया झाली. नवे डोळे बसले. मोहरी भिंतीला हात लावत चालायला शिकली, पावलांवरून माणसे ओळखू लागली. काकूंना तर ती बांगड्यांच्या आवाजाआधीच हाक मारी. काही महिने असे वाटत राहिले की काकांचे बोलणे खरे होईल. मग तिच्या पाठीत दुखू लागले. गाठ डोळ्यापुरती राहिली नव्हती. शेवटच्या दिवसांत ती आईला सारखे विचारी, "दिवा लावला का?" आई म्हणे, "लावला." भरदुपारीही आई तसेच म्हणे.

मोहरीला दफन करण्यापूर्वी काकांनी तिचा चेहरा पाहिला. दोन्ही पापण्या मिटलेल्या होत्या, नीट, दुमड न पडता, जशा त्यांच्या वडिलांच्या मिटायला हव्या होत्या. त्यांच्या सगळ्या आयुष्याच्या कामाचा तो पुरावा होता, आणि तो त्यांना पाहवेना. पाळकांनी त्यांना बाजूला नेऊन बाकावर बसवले. "देवाची योजना आपल्याला कळत नाही, काका," ते म्हणाले. काका म्हणाले, "नसेल कळत. पण पाळकसाहेब, एवढं तिच्या आईला सांगायला जाऊ नका."

त्यानंतर खिडकीचा पडदा ओढलेला राहिला. आलेल्या पेशंटांना काकू ओट्यावरूनच परत पाठवत. यांची तब्येत बरी नाही, पुढच्या आठवड्यात या, असे सांगत. घरात काका जेवत, झोपत, विचारले तर उत्तर देत. खण त्यांनी उघडला नाही. एकदाच काकूंनी विषय काढला.

"अहो, बाकीची पोरं आहेत त्यात. त्यांच्यासाठी तरी."

"कुठल्या तोंडानं मागू? त्या दिवशी माझा हात उचलला नाही. ती जगेल असं तिच्या आईला सांगितलं आणि माझाच विश्वास बसला नाही त्यावर."

"हात दमला होता तुमचा."

"हात कधी दमला होता का माझा?"



मोहरीची आई आली ती एका सकाळी, कामावर जाण्याआधी. ती खुर्चीत बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"काका, तुम्ही पुढचे डोळे करून ठेवता ना? तिचे असतील. मला एकदा बघायचेत. न्यायचे नाहीत, नुसतं बघायचंय."

काकांनी पडदा बाजूला केला. खण उघडून तिच्यासमोर ठेवला. कापसावर कितीतरी चकत्या होत्या, काळ्या, तपकिरी, एक हिरवट. आईची नजर सगळ्यांवरून फिरली आणि एका रिकाम्या खळग्यावर थांबली.

"नाही केले," काका म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"नाही, ताई. माहीत नव्हतं. भीती वाटली."  ते म्हणाले, "तुम्हाला मी जे सांगितलं, ते मलाच पुरलं नाही. तुम्ही सही केलीत आणि माझ्याच्यानं एवढी चकती झाली नाही."

ती रागावेल, निदान रडेल, असे त्यांना वाटले असावे. तिने सुरकुतलेल्या बोटाने तो खळगा चाचपून पाहिला. "शेवटचे चार महिने तिनं मला बघितलं नाही," ती म्हणाली. "ते मी तुम्हाला कधी माफ करीन की नाही, मला नाही सांगता येत. पण तिला विसरायला लागलेय मी. चेहरा येतो, डोळा येत नाही. करा तुम्ही आता. तेव्हा राहिली ती करा."

"समोर नसताना मला नाही येत, ताई."

"मी आहे ना. मी सांगते."

काका बसले. तपकिरी रंग जुळत आला, थरावर थर चढले. ठिपक्यापाशी कुंचला थांबला.

"खाली, नाकाकडे," आई म्हणाली.

"नाकाकडे? कानाकडे होता बहुतेक."

"मी आई आहे तिची."

"मी सहा वेळा रंगवलाय तो."

दोघेही एकमेकांकडे पाहत राहिले. ज्या डोळ्याला दोघांनी इतके जवळून पाहिले होते, तो दोघांनाही सांगता येत नव्हता. आणि विचारावे असे आता कोणी नव्हते. काकांनी दुसरी चकती घेतली. एका चकतीवर त्यांनी ठिपका नाकाकडे घातला, दुसरीवर कानाकडे, आणि दोन्ही पांढऱ्या फडक्यावर शेजारी शेजारी ठेवल्या.

पाहताक्षणी आईचा हात तोंडावर गेला. काकांनीही मान खाली घातली. कोणती, हे कोणाला बोलावे लागले नाही. कानाकडच्या ठिपक्याची ती चकती फडक्यावरून सरळ त्यांच्याकडे पाहत होती, मान कलती करून, जरा दमलेली.

ती चकती काकांकडे सरकवून आई म्हणाली, "इथंच ठेवा. तुम्ही रोज बोट लावता ना?" आणि ती कामावर निघून गेली. चकती रिकाम्या खळग्यात बसली. दुसरी, जी कोणाचीच नव्हती, काकांच्याने पुसवली नाही. ती खिडकीच्या कट्ट्यावर राहिली.

खण पुन्हा रोज उघडू लागला. बोट चकतीवरून चकतीवर जाई आणि मोहरीपाशी थांबे. तिच्यासाठी मागण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून काका तिथे गप्प राहत, बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी एक तान्हे मूल पाठवले. आईच्या मांडीवर ते टक लावून काकांच्या चष्म्याकडे पाहत होते. काकांनी चकती रंगवली, वाळत ठेवली. मग त्यांचा हात डब्याकडे गेला आणि दुसरी कोरी चकती घेऊन परत आला.  त्यांनी मनगट मांडीवर टेकवले आणि कुंचला बुडवला.

"दुसरी कशाला?" त्या आईने विचारले.

काकांनी तोंड उघडले. मग ते पुन्हा चकतीकडे वळले. त्यांनी चकतीवर रंगाचा पहिला थर दिला, आणि तो देताना त्यांचे डोळे असे भरून आले की त्यांना थांबून चष्मा काढावा लागला.

दारात काकू उभ्या होत्या. "पुढच्यासाठी, बाई," त्या म्हणाल्या. "वाढायचंय ना त्याला."